व्यासूचा डाव संपेपर्यंत

खरं तेच सांगते. पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या. माझं काही अडलेलं नाही.

कृष्णवेणी माझी पाठची बहीण. खोटं रचायला जी अक्कल लागते, ती देवाने तिला दिलेलीच नाही. त्यामुळे ती सांगते ते घडलेलंच असतं.

हे घडलं चेन्नईजवळच्या आवडी गावात. सरकारी क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत, तिच्या स्वतःच्या घरात. गेल्या आडी महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टात, गुरुवारी.

आणि रात्री नाही हं. भर दुपारी, तीन वाजता.

तिचे यजमान बालाजीराव. रणगाड्यांच्या कारखान्यात कारकून होते. जन्मभर खऱ्या रणगाड्यांचे कागद लिहिले आणि रिटायर झाल्यावर खोटे रणगाडे खेळत बसले. आतल्या खोलीत एक जुनापुराणा कॉम्प्युटर होता, डबड्यासारखा. त्यात लढाईचा एकच खेळ.

हिरवं मैदान. त्यावर मधाच्या पोळ्यासारखे खण. एकीकडे निळं सैन्य, दुसरीकडे लाल. आताच्या पोरांच्या खेळासारखं धडाधड काही नाही. आधी एकाने आपले सगळे रणगाडे हलवायचे. मग बटण दाबायचं. पीक् असा आवाज व्हायचा, पडदा काळा व्हायचा, आणि मग दुसऱ्याचा डाव.

निळे बालाजीराव. लाल त्यांचा धाकटा भाऊ, व्यासराज. रोज दुपारी तीनला तो यायचा. आठ वर्षं.

एकाचा डाव चालू असताना दुसऱ्याने बघायचं नाही, असा नियम. शत्रूने सैन्य कुठे लपवलंय ते दिसेल ना! म्हणून हॉलमध्ये एक वेताची खुर्ची ठेवली होती. भिंतीकडे तोंड करून. ज्याचा डाव नाही त्याने तिथे बसायचं. साठीचे बाप्ये, मास्तराने शिक्षा केल्यासारखे भिंत बघत बसायचे!

"तुमच्या लढाईत मरते ती माझी काप्पी," कृष्णवेणी म्हणायची. "थंड होऊन."

व्यासराज फार हळू खेळायचा. मग बालाजीराव खुर्चीच्या हातावर अंगठी वाजवायचे.

टक्. टक्. टक्.

आतून व्यासराज ओरडायचा, "डाव संपू दे, अण्णा!"

दोन वर्षांपूर्वीची एक अमावास्या. कृष्णवेणी जावेला, हेमावतीला, घेऊन तिरुवळ्ळूरला वीरराघवाच्या दर्शनाला गेली. पाचच्या लोकलने परत आली.

बालाजीराव पलंगावर होते. अंगावर चादर. शेजारी व्यासराज.

"आज मला उशीर झाला, आत्ताच आलो, वैनी. झोपेतच गेला अण्णा."

एवढ्यावर थांबला असता तर एक वेळ ठीक होतं. पण तेराव्याला, चार माणसांत, डोळे पुसत काय म्हणाला?

"घरात कुणी असतं, तर अण्णा वाचला असता."

बस्स. ते वाक्य कृष्णवेणीच्या छातीत रुतलं ते रुतलंच. त्यानंतर ती देवळाची पायरी चढली नाही. दारावरच्या भाजीगाडीपलीकडे पाऊल टाकलं नाही. आपणच नवऱ्याला एकटं टाकून गेलो, हे तिने मनात धरलं. आणि हा? दर रविवारी तिच्याच हातचं सांबार ओरपत होता.

तिची एकुलती एक मुलगी संयुक्ता. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिचं लग्न आडीनंतरच्या आवणी महिन्यात ठरलं. कन्यादान कोण करणार? बापाच्या जागी काका. व्यासराज आणि हेमावती. कृष्णवेणीनेच हात जोडून विचारलं होतं.

लग्नाला पाहुणे येणार म्हणून संयुक्ताने आडीतल्या एका रविवारी कॉम्प्युटरची ती खोली साफ केली. सहज म्हणून कॉम्प्युटर लावला. लागला!

"अम्मा, डाव तसाच आहे. लाल सैन्याने आपला डाव संपवलाय. आता अप्पांचा."

"राहू दे," कृष्णवेणी म्हणाली. "बंद कर."

संयुक्ताने बंद केला. प्लगसुद्धा काढला. वायर गुंडाळून वर ठेवली.

सोमवारी संयुक्ता कंपनीच्या बसने कामावर गेली. घरात कृष्णवेणी एकटी. जेवून जरा लवंडली होती.

तीन वाजले...

पीक्.

ती उठून बसली. मांजर असेल, म्हणाली. हॉलमध्ये आली.

वेताची खुर्ची... भिंतीकडे तोंड करून होती.

दोन वर्षं ती खुर्ची खिडकीशी होती. कृष्णवेणीनेच हलवली होती.

तिने खुर्ची उचलून परत खिडकीशी ठेवली. कामवालीला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या.

मंगळवारी तीनला... पीक्. खुर्ची परत भिंतीकडे.

बुधवारी कामवाली आलीच नव्हती.

तरीही.

गुरुवारी आवडीचा करंट सकाळपासून गेलेला. महिन्यातून एकदा दुरुस्तीसाठी जातो तसा. पंखे बंद, फ्रिज बंद. अंगाची नुसती काहिली. अडीचला व्यासराज आणि हेमावती लग्नपत्रिका घेऊन आले. कृष्णवेणीला जरा बरं वाटलं. घरात माणसं आली.

काप्पी झाली. हेमावती पत्रिकांना हळद लावत बसली.

तीन वाजले...

पीक्.

व्यासराजच्या हातातला काप्पीचा टंबलर खालच्या वाटीवर, डवऱ्यावर आपटला.

"कोण आहे आत?"

"कुणी नाही," कृष्णवेणी म्हणाली. "तूच बघ."

त्याने दार ढकललं. खोलीत अंधार. खिडकी बंद. आणि त्या अंधारात पडदा उजळलेला... हिरवा.

प्लग भिंतीला नव्हता. वायर वरच होती, गुंडाळलेली.

"काय लिहिलंय रे?" तिने विचारलं. तिला इंग्रजी कुठलं वाचता येतंय!

"लाल सैन्याचा डाव," तो म्हणाला. आवाज बसलेला. "वैनी, निळ्याने सगळं सैन्य मागे घेतलंय. कुणी लढतच नाहीये. वाट मोकळी सोडलीय..."

मग एकदम हसला, खोटं खोटं. "जुनं यंत्र आहे, बिघडलंय. डाव संपवला की बंद होईल." आणि बसला समोर. बटणं दाबू लागला. दाबतच राहिला. एक रणगाडा, मग दुसरा. जुनी सवय हो! बघता बघता पाठ वाकली, डोळे बारीक झाले.

कृष्णवेणी दारात उभी होती.

तिच्या मागे हॉलमध्ये... वेत करकरला. कुणी जड माणूस बसल्यासारखा.

हेमावती तर जमिनीवर बसलेली होती.

मग...

टक्.

टक्.

टक्.

व्यासराजने मान वर केली नाही. पण ओरडला.

"डाव संपू दे, अण्णा! उठतो... आज लगेच उठतो!"

टकटक थांबली.

कृष्णवेणी म्हणाली, "आज? मग कधी उठला नव्हतास, व्यासू?"

तो वळला. चेहरा राखेसारखा.

"तू तर पाचला आलास. हे तेव्हा झोपले होते ना?"

"वैनी..."

"माझ्याकडे बघून बोल."

मग फुटला. "मी रोजच्यासारखा तीनलाच आलो होतो, वैनी. माझा डाव चालला होता. अण्णाने तीनदा वाजवलं. मी म्हटलं, संपू दे. मग परत वाजवलं... हळू. मला वाटलं, घाई करतोय. मी जिंकत होतो, वैनी. आठ वर्षांत पहिल्यांदा जिंकत होतो."

"मग?"

"बटण दाबलं. बाहेर येऊन म्हटलं, तुझा डाव, अण्णा. तो... भिंतीकडे तोंड करूनच बसला होता. मी घाबरलो. उचलून पलंगावर ठेवला."

हेमावती पदर तोंडात धरून रडत होती. आत्ता ऐकलेल्या गोष्टीचं रडणं वेगळं असतं. कृष्णवेणीला तो फरक कळला.

"तुलाही माहीत होतं."

मग ती व्यासराजकडे वळली.

"चूक झाली, ती मी गिळली असती, व्यासू. कान असूनही माणसाला ऐकू येत नाही कधी कधी. पण घरात कुणी असतं तर, असं म्हणालास. घरात तू होतास! दोन वर्षं मी स्वतःला खुनी समजले, आणि तू माझ्या पानावर भात कालवत बसलास?"

तो पाया पडायला वाकला. ती मागे सरली.

"ऊठ. तुझा डाव संपला. बायकोला घे आणि जा."

ते गेले. हळद लावलेल्या पत्रिका तिथेच राहिल्या. कृष्णवेणीने वळून पाहिलं, तर पडदा काळा झाला होता. खुर्ची मात्र भिंतीकडेच.

लग्न झालं. आमच्यात कन्यादानाला मुलगी वडिलांच्या मांडीवर बसते; संयुक्ता कुणाच्या मांडीवर बसली? आईच्या. गुरुजी कुरकुरले, विधवेने कसं, अमकं तमकं. कृष्णवेणी म्हणाली, "मंत्र तुमचे, मुलगी माझी. सुरू करा." कॉम्प्युटर भंगारवाल्याने नेला. त्या घरात परत आवाज झाला नाही. पुढच्या अमावास्येला ती तिरुवळ्ळूरला जाऊन आली. दोन वर्षांनी.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण खरं तेच सांगते म्हटलंय, तर पुरतं सांगते.

बालाजीरावांच्या वर्षश्राद्धाला, स्वयंपाकघरात वडे तळताना, हेमावतीने मला सगळं सांगितलं होतं. मी पोटात ठेवलं. दोन घरं फुटू नयेत म्हणून. बहीण डोळ्यांदेखत झिजत होती, आणि मी तिला म्हणायचे, विसर गं.

तिला हे माहीत नाही. रोज फोन करते. म्हणते, "अक्का, सगळ्यांनी फसवलं गं. तू एकटी माझी उरलीस."

मी विल्लिवाक्कमला राहते. घरात वेताची खुर्ची नाही. प्लॅस्टिकची आहे, टीव्हीसमोर.

गेल्या गुरुवारी दुपारी डोळा लागला होता. जाग आली, तर ती खुर्ची...

भिंतीकडे तोंड करून.

प्लॅस्टिकवर अंगठीचा आवाज वेगळा येतो. बोथट. पण तीनदाच.

खुर्ची मी रोज सरळ केली. आता करत नाही.

आज परत गुरुवार. पावणेतीन झाले आहेत. कृष्णवेणीचा नंबर काढून फोन हातात घेऊन बसले आहे.

अजून लावलेला नाही.