थीडा पुढे गेली

आर्कान्साच्या डोंगरात भुरभुर पाऊस लागला, की उद्यानातले सगळे मांडव सारखेच दिसतात. ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्यांच्या कॅसरोलचं गरम भांडं सांभाळत धावत आलेली थीडा प्रुइट चर्चच्या सहभोजनाच्या मांडवाऐवजी भलत्याच मांडवात शिरली. भांडं टेबलावर ठेवलं आणि पाद्र्याचीच मुलगी ती, डोळे मिटून खणखणीत आवाजात प्रार्थना म्हणून मोकळी झाली... थेट "येशूच्या नावाने, आमेन"पर्यंत.

डोळे उघडले तर समोर ओकच्या झाडाखाली लाकडी मूर्ती, तिच्यापुढे मधाच्या दारूने भरलेलं शिंग आणि भोवती सगळी अनोळखी माणसं, अदबीने उभी.

"आमेन," त्यांतला लाल दाढीचा तरुण म्हणाला. "छान म्हटलीत. पण तुमचा मांडव तळ्यापलीकडे आहे."

"मग तुम्ही कोण?"

"जुन्या देवांची माणसं. हा थॉर. त्याला बटाटे आवडतात... थोडे ठेवून गेलात तर." त्याचे डोळे हसत होते. "मी एमेट. मधमाश्या पाळतो."

"मूर्तीला नैवेद्य? वडिलांना कळलं तर माझी चटणी करतील!"

"मी नाही सांगणार. आणि थॉर तसा अबोलच आहे."

थीडा हसली आणि चांगला मोठा डाव वाढून गेली.

मग मध आणायला म्हणून ती पुन्हा गेली. पुन्हा आणि पुन्हा. घरात इतका मध साठला, की आईने विचारलं, "अगं, अस्वल पाळलंयस का?"

एमेटचं हसणं तिला आवडायचं, हे खरंच. पण ओढ नुसती त्याची नव्हती. शेजारचे भले म्हातारबाबा गेले, तेव्हा ते कधी चर्चला आले नाहीत म्हणून नरकातच गेले, असं तिच्या डॅडींनी सांगितलं होतं. त्या दिवसापासून तिचं मन चर्चमध्ये लागेनासं झालं होतं. इथे माणसं देवांशी ताठ उभी राहून बोलत. त्या जुन्या देवांतल्याच फ्रिग देवीपुढे थीडाने पहिल्यांदा दूध ओतलं. आपण घरी आलो, असं तिला वाटलं.

"थीडा, तुला एक विचारू...?" एके संध्याकाळी एमेटने तिच्या केसांतलं पान काढत म्हटलं.

"नको! विचारलंस तर मी हो म्हणेन. मग अख्खं गाव म्हणेल, पोरीने पोरासाठी देव सोडला. माझं देवीशी जुळलंय ते तुझ्यासाठी नाही, एमेट."

"थोडंसंही नाही?"

"ओळख तेवढी तू करून दिलीस. आधी घरी सांगते. तोवर गप्प बस."

सांगण्याआधीच गावाला कुणकुण लागली. तिच्यासाठी प्रार्थना करण्याच्या निमित्ताने चर्चच्या बायकांनी गावभर बोभाटा केला. तिथल्या चर्चमध्ये प्रवचन संपलं, की ज्याला पश्चात्ताप झालाय त्याने पुढे यावं म्हणून गाणं लागतं. कुणी येईपर्यंत शेवटचं कडवं उगाळत राहायचं. त्या रविवारी ते संपेचना. सगळ्यांच्या माना थीडाकडे.

ती उठून पुढे गेली. "हालेलुया!" कुणीतरी ओरडलं. तिचे डॅडी, पाद्री ब्रदर हॉलिस, हात पसरून व्यासपीठावरून खाली आले. त्यांचे डोळे भरलेले पाहून तिचं काळीज गलबललं. पण पाय मागे घेतला नाही.

"डॅडी, मी माफी मागायला नाही आले. मी फ्रिग देवीची पूजा करते. पुढेही करणार. आजपासून मी या चर्चची नाही."

गाणं थांबलं.

"त्या मधवाल्या पोराने तुझं डोकं फिरवलंय, बाळा."

"त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही. तो उद्या गाव सोडून गेला, तरी मी परत येणार नाही. खरं वाटतं ते चारचौघांत सांगावं, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

त्यांचे हात तसेच पसरलेले होते. तिने त्यांना घट्ट मिठी मारली. "जेवायला बोलावलंत तर येईन. प्रार्थनेला गप्प बसेन, पण मान खाली घालणार नाही."

मिठी त्यांनी लवकर सोडली नाही.

एमेट मधमाश्यांच्या पेट्यांपाशी होता, तोंडावर जाळी, हातात धुराचं भांडं. तिचे सुजलेले डोळे पाहून तो धावत आला.

"सांगितलंस? एकटीने? मला बोलवायचंस तरी!"

"तू बरोबर दिसू नयेस म्हणून तर नाही बोलावलं." तिने नाक पुसलं. "चल, आता विचार."

"आत्ता? या अवतारात... मधमाश्यांसमोर?"

"विचार रे!"

त्याने गडबडीने जाळी वर केली. "थीडा... तुझा माझ्यावर जीव–"

"जडलाय," ती म्हणाली. "आणि हे मात्र सगळं तुझ्यामुळेच."