गुहेतून आणलेले तांदूळ

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या घरात घडली आहे, आणि चूकही माझीच आहे.

गेल्या वर्षीचा चैत्र. शुक्रवार, भर दुपारचे बारा. झाशीजवळच्या बरुआसागरच्या पुढे, टेकडीतली एक गुहा.

मी सुमेध. नोकरीमुळे सहा वर्षं झाशीत आहे. माझ्या बायकोला, रेवतीला, दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोटातच सगळं संपलं. साताऱ्याहून आई आली ती ठरवूनच, की त्या गुहेतल्या देवीची ओटी भरायची.

मला हे पटत नव्हतं. उन्हात गाडी चालवून डोकं तापलं होतं.

पायथ्याशी फुलं विकणारी म्हातारी मला म्हणाली, "भैया, भीतर जो चढ़ाओ, उतई छोड़ आइयो. एक दाना नईं उठाइयो. बा अपनी मोड़ी खों गोद में लएँ बैठी है."

कुणी एक बाई तान्ही मुलगी घेऊन त्या गुहेत शिरली, ती बाहेर आलीच नाही, असं तिकडे सांगतात.

आईला बुंदेली कळत नाही, आणि रेवती पुढे गेली होती. मला कळली... वाहिलेलं आतच सोडायचं, एक दाणाही उचलायचा नाही, ती आपल्या मुलीला मांडीवर घेऊन बसली आहे.

पण मी सांगितलं नाही. म्हटलं, नसतं खूळ कशाला डोक्यात भरवायचं.

आत वाकून जावं लागतं. देवी म्हणजे शेंदूर लावलेला दगड. कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

आईनं खण, नारळ, तांदूळ वाहिले. मग आपल्या रीतीप्रमाणे त्यातलेच चिमूटभर तांदूळ उचलून रेवतीच्या पदरात टाकले.

"रिकाम्या ओटीनं परतू नये गं."

पाणी ठिबकायचं थांबलं...

एकदम.

आम्ही निघालो. मी सगळ्यात मागे होतो. पाठीमागून आवाज आला... हातानं जमीन चाचपल्याचा. अंधारात हरवलेलं काही शोधावं, तसा.

मी मोबाइलचा उजेड मागे टाकला. कुणी नव्हतं.

चाचपणं मात्र चालूच होतं.

बाहेर आल्यावर रेवती हसली. किती महिन्यांनी हसत होती ती. तांदूळ परत ठेवून येऊ, असं अगदी ओठांवर आलं होतं... तिच्याकडे बघून गिळून टाकलं.

पौषात आभा झाली. आता चार महिन्यांची आहे. गुटगुटीत, ठणठणीत. आई म्हणते, देवी पावली.

परवा दुपारी रेवती आंघोळीला गेली होती, मी स्वयंपाकघरात होतो, घरात आणखी कुणी नव्हतं. आतल्या खोलीत आभा पाळण्यात रडत होती. मी उठलो, तेवढ्यात रडणं थांबलं. कुणी उचलून घेतल्यावर मूल थांबतं ना, तसं... एक हुंदका, मग शांत.

पाळणा रिकामा होता.

आभा बाहेरच्या दारापाशी फरशीवर होती. तिला अजून पालथंही पडता येत नाही. दुपट्यात घट्ट गुंडाळलेली होती, आमच्या घरात कुणी गुंडाळत नाही अशी.

दाराला आतून कडी होती.

आणि आभा माझ्याकडे नाही, कडीकडे बघत होती.

मी घाबरलोय. कुणाचं लेकरू आम्ही घेऊन आलो, हा विचार डोक्यातून जात नाही. रेवतीला यातलं काहीच माहीत नाही.

आज सकाळी ती आभाला पाजत होती. म्हणाली, "काय उकडतंय हो. दुपारी दार उघडं टाकत जाऊ या का?"

मी नाही म्हणालो.

"का?" तिनं विचारलं.

मी उठून दाराची कडी नीट लागली आहे ना, ते पाहून आलो.