निशिकांत नावाची खूण

कोल्हापूरच्या स्मृती-प्रयोगशाळेत रेवती फडतरे आली ती एकच मागणी घेऊन. अण्णांच्या डोक्यातली एक खूण काढून टाका.

अण्णा म्हणजे तिचे वडील, धरणावरचे निवृत्त अभियंते. त्यांच्या आजारात आठवणी शाबूत होत्या, तिथवर जाण्याची वाट हरवली होती. त्यावर तिथल्या डॉ. हुमेरा काझींनी स्मृतिचकती बनवून त्यांच्या मेंदूत बसवली होती. वेबपेजवरच्या एखाद्या परिच्छेदाला आयडी, म्हणजे एक नाव, दिलं आणि दुव्यात, म्हणजे लिंकमध्ये, हॅशच्या (#) चिन्हापुढे तेच नाव लिहिलं, की पान थेट त्या परिच्छेदाशी उघडतं. चकतीचं तत्त्व तेच होतं. आठवणीवर खूण, आणि नाव हा दुवा. नाव कानावर पडलं की अण्णा त्या क्षणात जाऊन उभे राहत.

प्रत्येक नावाची खूण चकतीने आपोआप सर्वांत ठसठशीत आठवणीवर लावली होती. रेवतीचा थोरला भाऊ निशिकांत चोविसाव्या वर्षी धरणाच्या सांडव्यात बुडाला. त्याचं नाव निघालं की अण्णा काठावर असत आणि प्रेत नुकतंच वर येत असे. आठवड्यातून चारदा ते नव्याने कोसळत.

आठवणीचा मजकूर तसाच राहील, फक्त खूण जाईल, असं समजावून डॉक्टरांनी ती काढली. दोन दिवसांनी शेजारीण सहज निशिकांतबद्दल बोलली. अण्णा पलंगाखाली शिरले आणि बोबड्या बोलांत आई मागू लागले. संध्याकाळपर्यंत ते बाहेर आले नाहीत.

"चूक माझी," काझी म्हणाल्या. "दुवा आहे, पण खूण सापडत नाही. अशा वेळी पान अगदी वरून उघडतं, म्हणजे त्यांच्या बालपणापासून."

"मग दुवाच तोडा."

"ते नाव त्यांच्या निम्म्या आयुष्यात विणलंय. तोडायचं तर माणूस उसवावा लागेल."

राहिला एकच मार्ग, खूण दुसरीकडे लावायची. रेवतीने निशिकांतच्या जन्माचा दिवस निवडला.

घरी आल्यावर तिने स्वतःच भावाचं नाव घेतलं. अण्णा ताठ बसले. चेहरा तिशीतल्या माणसासारखा उजळला. त्यांनी रिकामा तळहात तिच्यापुढे धरला.

"पेढा घ्या. मुलगा झालाय, पहिलाच." मग जरा संकोचून त्यांनी विचारलं, "आपण कोण, बाई?"

त्या दिवशी रेवती जन्मलीच नव्हती. हे तिला कळत होतं, तरी लागायचं ते लागलंच. घरात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. अण्णांची ती 'पोरी', शेजारणीची 'ताई'.

"अण्णा, मी रेवती."

त्यांचा हात हवेतच थांबला. डोळे तिच्या चपलांपासून कपाळापर्यंत फिरले आणि चेहऱ्यावरचं रक्त ओसरलं. आता त्यांनी तिला ओळखलं होतं.

"रेवती," ते उठत म्हणाले, "धरणाकडून अशी धावत का आलीस? काय झालं?"