ओल्माथानवर अधिक हक्क कोणाचा

मी लोकांच्या वंशावळी शोधते. चर्चच्या जुन्या वह्यांत बाप्तिस्म्याच्या नोंदी वाचायच्या आणि कोण कोणाचा पणतू ते कागदावर सिद्ध करायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे कोणी भुताखेतांची गोष्ट सांगू लागलं, तर मी आधी तारीख विचारते.

ओल्माथान हे नाव आमच्या सोरियात, स्पेनच्या या डोंगराळ भागात, अनेकांना पुरतं. डोंगरातलं छपरं कोसळलेलं ओस गाव म्हणजे ओल्माथान. त्याच्या खालचा ओढाही ओल्माथान. शेवटचा काउंट निपुत्रिक मेल्यापासून रिकामी पडलेली सरदारकीची पदवी, तीही ओल्माथानचीच. आणि माझ्या नवऱ्याचं, इलारिओचं, आडनाव तेच. तो शाळेत भूगोल शिकवतो. पदवीसाठी अर्ज करायची हौस त्याची नव्हे, माझी. त्या काउंटांशी त्याचं नातं दाखवणारे कागद एकेक करून जुळत गेले आणि मला राहवलं नाही.

"काउंटसाहेब, कचरा खाली नेऊन टाका," मी त्याला चिडवायची.

"काउंट कचरा नेत नसतात, काउंटेसबाई नेतात," असं म्हणत तो पिशवी उचलायचा.

अर्ज केला की सरकारी गॅझेटात सूचना येते: या पदवीवर ज्याचा अधिक हक्क असेल, त्याने तीस दिवसांत पुढे यावं. सहसा कोणी येत नाही.

नवव्या दिवशी माद्रिदच्या कचेरीतून पत्र आलं. दुसरा एक अर्जदार पुढे आला होता. सोबत त्याच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रत. नाव माझ्या नवऱ्याचंच, पूर्ण: इलारिओ ओल्माथान लुएंगो. जन्मतारीखही त्याचीच, आईवडील तेच, चर्चही तेच. पत्त्याच्या जागी नुसतं त्या ओस गावाचं नाव.

कोणाची तरी नजरचूक असणार, असं म्हणत मी चर्चमध्ये गेले. पाद्रीबाबांनी लोखंडी कपाटातून वही काढून दिली. वसंतात मी याच पानाचा फोटो काढला होता. तेव्हा तिथे एकच नोंद होती, हे मी शपथेवर सांगेन. आता दोन होत्या. एकाखाली एक, एकाच हाताच्या, एकाच फिकट शाईच्या. वरच्या नोंदीच्या समासात लग्नाची टीप होती: कासिल्दा रेखास हिच्याशी विवाह. म्हणजे माझ्याशी. खालच्या नोंदीचा समास कोरा होता.

मी मोबाइलमधला फोटो उघडला. त्यातही दोन होत्या.

मला भीती वाटली. आमच्या घरातला इलारिओ यातला कोणता, हे मी स्वतःला विचारायचं टाळलं.

रविवारी आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंनी छोल्यांचा रस्सा केला होता. लेकाच्या ताटलीत वाढताना त्या म्हणाल्या, "घ्या ना, लाजू नका."

"आई, मला काय 'घ्या' म्हणतेस?"

"मग पाहुण्याला 'घे' म्हणू?"

तो हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पावाची टोपली अदबीने त्याच्याकडे सरकवली.

त्या आठवड्यात शाळेच्या शिपायाने त्याला दारात अडवून कोणाला भेटायचंय म्हणून विचारलं. नंतर तो घरातही कोट काढेनासा झाला. रात्री पलंगाच्या अगदी कडेला झोपायचा. मी हात धरला की "माफ करा" म्हणायचा.

तिसाव्या दिवशी सकाळी मी कचेरीत फोन लावला. आम्हाला पदवी नको, अर्ज मागे घेतो, असं सांगितलं.

"बाई, ते अर्जदारांनी स्वतः सांगावं लागतं," तिथली कारकून म्हणाली. "आणि ते तर काल येऊन गेले. अर्ज कायम ठेवा म्हणाले. फार सज्जन माणूस. म्हणत होते, आज दुपारी जेवायला घरी पोचायचंय, बायको वाट बघत असेल."

मी कागद-पेन घेऊन इलारिओकडे धावले. "अर्ज मागे घेतो म्हणून लिही. खाली सही कर. आत्ता."

त्याने पेन हातात घेतलं आणि कागदाकडे बघत राहिला.

"इलारिओ, सही कर रे. मी पाया पडते."

"करतो ना," तो हळूच म्हणाला. "काय नाव लिहू?"

मी त्याचा हात धरून पहिलं अक्षर काढलं. पेनाला शाई होती. कागद कोराच राहिला.

त्याने पेन नीट टेबलावर ठेवलं. कोटाची बटणं लावली आणि खुर्चीच्या टोकाला बसला.

"बाई," त्याने मला विचारलं, "घरचे मालक किती वाजता येतात?"

मी त्याला मिठी मारली. रडत रडत त्याचं नाव घेत राहिले. तो अवघडून बसून होता.

दोन वाजले. जिन्यावर पावलं वाजली.

सासूबाई लगबगीने दाराकडे गेल्या. "आला गं माझा बाळ."

ती पावलं माझ्या ओळखीची होती. माझे हात त्याच्या गळ्यातून सुटले आणि मी केस सारखे करू लागले.