झाली का बाई फाईल?

भूत रात्रीच येतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

ऑफिसात काम अडलेला माणूस ऑफिसच्या वेळेतच येतो. मेला तरी.

हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. माझ्यासमोर घडलं आहे. धानोऱ्यात, मागच्या एप्रिलमध्ये, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. पटत नसेल तर नका मानू. पण मला वेडी ठरवायच्या आधी पूर्ण वाचा. माझं डोकं आधीच तापलेलं आहे.

मी संघप्रिया. गाव मूल, चंद्रपूरकडचं. धानोऱ्याच्या एका सरकारी ऑफिसात ठेक्यावर कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. जंगलातली जमीन पिढ्यानपिढ्या कसणारे लोक पट्ट्यासाठी, म्हणजे ती नावावर व्हावी म्हणून, दावे करतात. त्या दाव्यांचे कागद स्कॅन करायचे आणि कॉम्प्युटरमध्ये गावागावाने लावून ठेवायचे, हे आमचं काम.

मी लागायच्या आधीच निम्मं काम उरकलं होतं. उरकलं हाच शब्द बरोबर आहे. ते आदेशने केलं होतं. आदेश म्हणजे ठेका घेतलेल्या एजन्सीचा सुपरवायझर. साहेबांचा लाडका, तोंडात सदानकदा सुपारी-तंबाखूचा खर्रा.

आता त्याने काय करून ठेवलं ते ऐका.

आमच्या झाडीपट्टीत आज्याचं नाव नातवाला ठेवतात. त्यामुळे एका गावात एकाच नावाची दोन-तीन माणसं सहज निघतात. गावाला सगळे ओळखू येतात, पण कॉम्प्युटरला कसे येणार? म्हणून फाईलच्या नावात बापाचं नाव टाकायचं असतं. आदेशने ते टाकलं नाही. "बापाचं नाव कायले पायजे? टाईम जाते."

दुसऱ्या माणसाची फाईल सेव्ह करताना कॉम्प्युटर विचारायचा... या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही टाकू का?

आदेश 'हो' दाबायचा.

खर्रा चघळत 'हो'. फोनवर बोलत 'हो'. पहिल्या माणसाचे कागद पुसले जायचे आणि त्याच्या नावावर दुसऱ्याचे बसायचे.

मग ऑफिस पेपरलेस झालं. मूळ कागद मागच्या अंगणात जाळले. रिकाम्या कपाटाला हार घातला आणि साहेबांनी त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढला. कपाटाला हार! आग लागो असल्या पेपरलेसला.

त्या आगीत सोमाजी मोहुर्ले गेले. म्हणजे त्यांचा कागद गेला. माणूस नंतर गेला.

सोमाजीभाऊ धान लावणारे म्हातारे. त्यांच्या आज्याने जंगलात धान लावला म्हणून त्याला दंड झाला होता, त्याची जुनी पावती घरात जपून ठेवलेली. तीन पिढ्यांपासून जमीन आमच्याकडे आहे, हे सांगणारा तेवढा एकच कागद. ऑफिसने सांगितलं, ओरिजनलच द्या. भाऊंनी दिला. सरकारवर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा गुन्हा.

दर बाजाराला ते यायचे. आत यायचे नाहीत. माझ्या टेबलामागच्या खिडकीच्या गजावर काठी वाजवायचे.

टक्... टक्...

"झाली का बाई फाईल?"

आदेश बसल्या जागेवरून ओरडायचा, "सर्व्हर डाऊन हाय! पुढच्या बाजाराले या!"

मी एकदा त्यांची फाईल उघडली. आत दुसऱ्याच सोमाजी मोहुर्लेचे कागद! मी आदेशला धरलं. तो हसला.

"तीन-तीन सोमाजी निघाले, तं मी का करू? लोकायनं पोरायची नावं अलग अलग ठेवावं ना!"

मी साहेबांकडे लेखी तक्रार दिली. उत्तर आलं, तांत्रिक अडचण.

भाऊंनाही मी खरं सांगितलं. तरी ते पुढच्या बाजाराला पुन्हा आले आणि तेच विचारलं, "झाली का बाई फाईल?"

फेब्रुवारीत असेच परत जाताना बस स्टँडच्या बाकावर बसले, ते उठलेच नाहीत.

मग त्यांची बायको यायला लागली. रुखमाबाई. उजवा पाय ओढत चालायची. ती आली की व्हरांड्यातून चपलेचा आवाज यायचा... खर्र... खर्र...

आता त्या दिवसाचं सांगते.

दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला रुखमाबाईची शेवटची सुनावणी होती. पावतीची प्रिंट नाही, तर दावा खारीज आणि जमीन गेली. ती सकाळपासून व्हरांड्यात बसून होती. मी तिच्यासाठी सगळे फोल्डर उपसत होते. जेवायच्या सुट्टीत बाकी सगळे बाहेर गेले. खोलीत मी आणि आदेश.

लाईन गेली. पंखा थांबला. इन्व्हर्टरवर फक्त आमचे दोन कॉम्प्युटर चालू राहिले.

टक्... टक्...

माझ्या हातातला माऊस तसाच राहिला.

"कोन हाय बे?" आदेश ओरडला. "सर्व्हर डाऊन हाय!"

मी वळून बघितलं. खिडकीबाहेर कोणी नव्हतं. ऊन होतं, पलीकडे बाजार भरला होता... पण बाजाराचा आवाज येत नव्हता. कोंबडे, भोंगे, भाव करणाऱ्या बाया, सगळं एकदम बंद.

"हे का होय?" आदेश म्हणाला.

त्याच्या स्क्रीनवर ती चौकट आली होती. या नावाची फाईल आधीच आहे. तिच्या जागी ही टाकू का?

"मी तं काईच सेव्ह करून नाई राह्यलो," तो पुटपुटला आणि सवयीने 'हो' दाबून बसला.

पुन्हा चौकट आली.

त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा आली.

तेवढ्यात कोपऱ्यातला स्कॅनर सुरू झाला...

स्कॅनर इन्व्हर्टरवर नव्हता हो! मी स्वतः त्याचा प्लग पाहिला. बोर्डाचा लाल दिवा बंद होता. तरी झाकणाखालून उजेड सरकत होता. घर्रर्र... घर्रर्र... काचेवर एकही कागद नव्हता.

मी उठून आदेशच्या मागे गेले. स्क्रीनवर पान उघडत होतं. कोरं पान, मधोमध निळ्या शाईचा अंगठा. मग दुसरं पान. तोच अंगठा. मोठा, भेगाळलेला, नांगर धरणाऱ्या माणसाचा.

मी वाकून फाईलचं नाव वाचलं.

आदेशचं नाव. बापाच्या नावासकट.

त्याची मार्कशीट, त्याचं आधार, त्याचं नेमणूकपत्र. एकेक उघडत होतं आणि प्रत्येकावर अंगठा बसत होता. तो 'नाही' दाबत होता, प्लग उपटत होता. प्लग हातात आला. स्क्रीन चालूच.

"ताई, थांबव ना वं!" तो रडायला लागला. "मायी सगळी कागदं हायत त्यात!"

खरं सांगू? मला भीती वाटत होती. पण त्याहून जास्त बरं वाटत होतं. रड म्हटलं मनात. आता रड!

मग खिडकीतून आवाज आला. अगदी नेहमीचा, थकलेला.

"झाली का बाई फाईल?"

खर्र... खर्र... दारात रुखमाबाई उभी. तिने तो आवाज ऐकला होता. ती घाबरली नाही. तिचा चेहरा रागाने लाल झाला.

"जित्तेपनी चकरा, मेल्यावरबी चकरा!" ती खिडकीकडे बघून ओरडली. "लाज नाई वाटत का या लोकायले, मेलेल्या मानसाले उन्हात उभं करतेत! चला तुमी घरी. मी बसतो इथी. मी जित्ती हाओ अजून. चला म्हनतो ना!"

काठीचा आवाज एकदाच आला. मग लांब गेला.

बाजार एकदम कानात घुसला. स्कॅनर बंद पडला. आदेश चपला न घालता पळाला.

रुखमाबाई माझ्यासमोर खुर्चीत बसली. "हाय का बाई पावती?"

मी संध्याकाळपर्यंत सगळं धुंडाळलं. पावती नाही सापडली. जळालेला कागद भुतालाही परत आणता येत नाही.

दावा खारीज झाला. शेरा होता, पुरावा सादर केला नाही. सादर केला नाही म्हणे! तोंडावर थुंकावं असं वाटलं मला.

आदेशला शिक्षा? अहो, त्याला चंद्रपूरचं मोठं काम मिळालं. फक्त त्याचे कागद कुठेच चालत नाहीत. नवीन काढले, स्कॅन केले, तरी समोरच्याच्या कॉम्प्युटरवर अंगठाच उघडतो. मला फोन करून विनवतो, ताई काही कर. मी सांगते, सर्व्हर डाऊन हाय, पुढच्या बाजाराले ये.

इथपर्यंतच असतं तर मी हे लिहिलं नसतं.

आज बाजार होता. दुपारी मी एकटीच टेबलाशी होते. आणि बाहेरचा आवाज बंद झाला...

टक्... टक्...

मी वळले नाही. हात जोडून म्हटलं, भाऊ, जा घरी.

मग काठीच्या मागून दुसरा आवाज आला.

खर्र... खर्र...

मी त्यांच्या गावी फोन लावला. त्यांच्या पुतणीने, चंदाने उचलला. मागे बाया रडत होत्या.

"ताई, मोठीमाय सकाळी गेली."

फोन माझ्या कानालाच होता. खिडकीत दोघं उभी होती, मला माहीत होतं. दोघांनी मिळून विचारलं.

"झाली का बाई फाईल?"

तुम्हीच सांगा आता. काय सांगू मी त्यांना? सर्व्हर डाऊन आहे?