चौथं रीळ

उतारावरून ती धावत खाली येत होती, चढावरून तो धावत वर येत होता आणि मधल्या रस्त्यावर धो धो पाऊस लागला होता. अशा वेळी दोघांची टक्कर होते, तिच्या हातातलं काहीतरी खाली पडतं आणि दोघं एकदमच वाकतात, असं सिनेमात दाखवतात. ठिणगीने असे सिनेमे इतके चालवले होते की तिचा त्यावर विश्वास उरला नव्हता. ती वेळेवर बाजूला झाली. त्याने छातीशी धरलेला गोल डबा तिने लांबूनच ओळखला होता, आणि त्या डब्याला धक्का लागून चालणार नव्हतं.

“भिजवलात?” तिने विचारलं. हे तिचं त्याच्याशी पहिलं वाक्य.

“उघडून बघा.”

डब्याभोवती रेनकोट गुंडाळलेला होता. रेनकोट त्याचाच असणार, कारण तो स्वतः डोक्यापासून चपलांपर्यंत निथळत होता. डबा मात्र ठणठणीत कोरडा. ठिणगीने झाकणावरून बोट फिरवून पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

“तुम्ही खालचे?”

“आणि तुम्ही वरच्या. काकांची सायकल पंक्चर झाली. म्हटलं, तुमचा पडदा पांढरा पडायला नको.”

“माझा पडदा कधीच पांढरा पडत नाही,” ती म्हणाली आणि डबा घेऊन चढाला लागली. रेनकोट परत द्यायचा राहिला, हे तिला केबिनच्या जिन्यात आठवलं.

त्या रस्त्यावर एकाच मालकाची दोन थिएटरं होती, चढावर एक आणि उताराच्या पायथ्याशी एक. सिनेमाची प्रिंट मात्र दोघांत एकच यायची. म्हणून एका थिएटरात खेळ आधी सुरू व्हायचा, आणि तिथे एकेक रीळ संपलं की सायकलवाले काका ते दुसरीकडे पोचवायचे. काका पोचले नाहीत तर पडदा पांढरा, आणि पडदा पांढरा झाला की लोकांच्या शिट्ट्या. ऑपरेटरच्या जातीला यापेक्षा मोठी नामुष्की नाही.

एरवी हे निभावून जायचं. पण त्या वर्षी सिनेमे काढणाऱ्यांचा आणि कामगारांचा मोठा तंटा झाला होता. तो एकदाचा मिटला आणि वर्षभर तुंबलेले सिनेमे सगळे एकदम सुटले. एका शुक्रवारी तीन, दुसऱ्या शुक्रवारी पाच. सकाळी एक, दुपारी दुसरा, संध्याकाळी तिसरा. केबिनमध्ये पाय ठेवायला जागा नाही, जिथे बघावं तिथे डबे. “एक ना धड, भाराभर चिंध्या,” असं मामा दिवसातून एकदा तरी म्हणायचेच.

मामा म्हणजे ठिणगीचे सख्खे मामा, वरच्या थिएटरचे ऑपरेटर. मोतीबिंदूने त्यांचे डोळे आता साथ देत नव्हते. हे मालकांनाही ठाऊक होतं, आणि यंत्र खरं कोण चालवतं हेही ठाऊक होतं. पण पोरीच्या हातात केबिन द्यायला त्यांचं मन होईना. शेवटी त्यांनी तोडगा काढला. म्हणाले, “एवढी सिनेमांची गर्दी निभावून दाखव. एकही तक्रार आली नाही, तर केबिन तुझी.” ठिणगीला दुसरं काहीही नको होतं. त्या केबिनमध्ये ती लहानाची मोठी झाली होती, यंत्राच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या वासाशिवाय तिला झोप लागत नसे.

रेनकोट न्यायला खालचा दुसऱ्याच दिवशी आला.

“अजून ओला आहे,” ठिणगीने सांगितलं.

“बरं. उद्या येतो.”

दुसऱ्या दिवशीही ओलाच होता. मग चांगलं कडकडीत ऊन पडलं, रस्त्यावरची डबकी आटली, लोकांनी छत्र्या माळ्यावर टाकल्या... रेनकोट काही वाळेना. खालच्याने एकदाही कारण विचारलं नाही. यंत्रामागच्या खुर्चीत बसलेले मामा एकदा नुसते खाकरले, तेवढंच.

तो आधी एका फिरत्या सिनेमात होता. उघड्या मैदानावर, वाऱ्याने पडदा शिडासारखा फुगायचा आणि नायिकेचं नाक हातभर लांब व्हायचं, असं काहीबाही तो सांगायचा. ठिणगी हसू दाबायची. तिला त्याचं बोलणं आवडायचंच, पण त्याहून जास्त आवडायचं त्याचं काम. त्याच्याकडून आलेलं रीळ कायम नीट उलटं गुंडाळलेलं असायचं, आणि पट्टीचं टोक अगदी एवढंसं दुमडलेलं. अंधारातसुद्धा नखाला लागावं म्हणून.

“हे टोक तुम्ही सगळ्यांसाठी दुमडता?” तिने एकदा विचारलं.

“सगळे म्हणजे कोण? माझं रीळ तुमच्याकडेच येतं.”

“तसं नाही... आधी कुठे होतात, तिथे?”

“तिथे एकच यंत्र होतं. मी माझ्यासाठी कशाला दुमडू?” तो म्हणाला आणि डबा उचलून निघाला. दारात थांबला. “रेनकोट?”

“ओला आहे.”

“वाटलंच मला.”

मग तो पाच सिनेमांचा शुक्रवार उजाडला. पाचांतल्या दोन सिनेमांत नायक एकच होता, तोच तो मिशीवाला. एकात तो अपघात होऊन मरणाच्या दारात पडतो आणि सगळ्यांना रडवतो, दुसऱ्यात होडीत बसून गाणी म्हणतो. प्रिंटा इतक्या घाईत काढल्या होत्या की रिळाच्या सुरुवातीच्या पट्टीवर सिनेमाचं नावच नव्हतं, नुसता आकडा. दोन्ही सिनेमे सकाळी वरच्या थिएटरातच झाले. ठिणगी टेबलाशी उभी राहून रिळं डब्यांत भरत होती. चार नंबरची दोन रिळं समोर होती आणि खिडकीतून तिला चढावर खालचा दिसला. आज त्याने केस विंचरले होते. आता रेनकोटासाठी माणूस केस कशाला विंचरतो, या विचारात तिने एक रीळ एका डब्यात ठेवलं, दुसरं दुसऱ्यात, आणि झाकणं लावली.

दुपारी होडीवाल्या सिनेमाचे डबे घेऊन काका खाली गेले. रडका सिनेमा वरच राहिला. तीनच्या खेळाला दोन्ही थिएटरं भरलेली. खालचा खेळ वरच्यापेक्षा जरा उशिरा सुरू व्हायचा होता.

वर तिसरं रीळ संपत आलं. पडद्यावर मिशीवाल्याच्या डोक्याला पट्ट्या होत्या, बायको उशाशी रडत होती. ठिणगीने चौथं रीळ काढून दिव्यासमोर धरलं. चित्रात मिशी दिसली, तिचं समाधान झालं. तिने रीळ दुसऱ्या यंत्रावर चढवलं. मिशीवाल्याने डोळे मिटले, पडद्याच्या कोपऱ्यात रीळ संपल्याचा ठिपका चमकला आणि तिने सफाईने यंत्र बदललं.

“हे गाणं कुठलं गं?” मामांनी विचारलं. “आत्ता तर ती बाई हमसून हमसून रडत होती.”

ठिणगीने झरोक्याला डोळा लावला. पडद्यावर मिशीवाला होडीत बसला होता. पट्टेरी शर्ट, हातात वल्हं, डोक्याला साधं खरचटलेलंही नाही, आणि समोर बसलेली बाई भलतीच. यंत्र थांबवावं तर पडदा पांढरा, चालू ठेवावं तर... ती शिट्ट्यांची वाट बघत राहिली. शिट्टी आली नाही. प्रेक्षक हूं की चूं न करता बघत होते. बायकांच्या रांगेतून फक्त एक आवाज आला, “मरताना स्वप्न पडलं, तेसुद्धा दुसरीचंच.”

स्वप्न. लोकांना ते स्वप्न वाटत होतं.

तेवढ्यात जिन्यात पावलं धडधडली आणि खालचा आत आला. छातीशी डबा, शर्ट घामाने चिकटलेला.

“तुमचं रीळ,” तो धापा टाकत म्हणाला. “माझ्या डब्यात निघालं. डोक्याला पट्ट्या बघितल्या आणि कळलं.”

“फोन करायचा होतात.”

“फोन मालकांच्या टेबलावर आहे.”

फोन वाजला असता तर मालकांना कळलं असतं, आणि केबिन गेली असती. म्हणून हा माणूस भर दुपारी चढ पळत आला होता.

“आणि तुमचा पडदा?”

“एव्हाना पांढरा झाला असेल,” तो म्हणाला. “तुम्ही तुमचा बघा.”

तिने बघितला. रीळ रिकाम्या यंत्रावर चढवलं, कार्बन जुळवला आणि गाण्याचं कडवं संपण्याची वाट बघत उभी राहिली. घाई केली नाही. होडी लांब गेली, सूर विरला आणि तिने यंत्र बदललं. दवाखान्यातल्या खाटेवर मिशीवाल्याने हळूच डोळे उघडले, उशाशी त्याची स्वतःची बायको. अख्ख्या थिएटरातून एक सुस्कारा आला, मग नाकं ओढल्याचे आवाज. मामांनी अंधारात मान हलवली. असा बदल त्यांनाही जमला नसता, हे त्यांना न बघताच कळलं होतं.

आता होडीचं रीळ उलटं गुंडाळून त्याच्या हाती द्यायचं होतं. तो टेबलाचा दांडा फिरवत होता, ती पट्टी बोटांतून सोडत होती. उताराखालून शिट्ट्या आणि खुर्च्या बडवल्याचा आवाज इथपर्यंत येत होता. त्याचे कान लाल झाले होते. तिच्या पडद्यासाठी कुणी आपला पडदा मोकळा टाकेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

“हळू फिरव,” ती म्हणाली. “पट्टी तुटेल.”

“फिरवतोय.” मग त्याचा हात थांबला. “फिरव म्हणालीस?”

“दांडा फिरव. लोक वाट बघताहेत.”

खेळ सुटल्यावर मालकांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. मामा खुर्चीत बसले, बाकीचे उभे. मालकांचे डोळे अजून लाल होते, कारण त्यांनी रडका सिनेमा बाल्कनीत मागे उभं राहून बघितला होता.

“खालच्या थिएटरात माझी अब्रू गेली,” ते म्हणाले. “कसं झालं हे?”

“डबे माझ्याकडून बदलले,” खालचा लगेच म्हणाला. “चूक माझी.”

“मग उद्यापासून येऊ नकोस.” मालक ठिणगीकडे वळले आणि त्यांचा आवाज मऊ झाला. “आणि इथे बघ. काय ते स्वप्न, काय ते जागं होणं... मी शंका घेत होतो, ती सोडली. केबिन तुझी.”

झालं. इतकी वर्षं जे मागितलं ते पदरात पडलं होतं. मालकांच्या पाठीमागून खालच्याने तिला डोळ्यांनीच खुणावलं, गप्प राहा. फार मायेने खुणावलं. आणि नेमकं त्यामुळेच ठिणगीचं डोकं फिरलं.

“ते स्वप्न नव्हतं,” ती म्हणाली. “होडीच्या सिनेमाचं रीळ होतं. डबे सकाळी मी भरले, मीच बदलले. चढवताना नीट बघितलं नाही, तेही मीच. हा माझं रीळ द्यायला आला म्हणून याचा पडदा पांढरा पडला.”

मालक तिच्यापाशी आले.

“हातची केबिन जातेय. कळतंय ना?”

“कळतंय. पण माझ्या हातून बदल चांगला झाला तर तो माझा, आणि चूक झाली तर तीही माझी. दुसऱ्याच्या नावावर मला दोन्ही चालणार नाही.”

मालकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “हा तुझा लागतो तरी कोण? याच्यासाठी एवढं?”

ठिणगीने खालच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता, कान पुन्हा लाल.

“अजून कोणी नाही,” ती म्हणाली. “आता लागेल.”

मामांना ठसका लागला. मालकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले, “पुढच्या शुक्रवारी सात सिनेमे येताहेत. दोघांना घालवलं तर पडद्यावर मी काय हात हलवून दाखवू? केबिन तुझीच राहू दे. चूक लपवणारा ऑपरेटर मला नकोच होता. आणि तू रे, सहाच्या खेळाला लाग. लोकांची माफी माग आधी.”

बाहेर पायऱ्यांवर ऊन उतरलं होतं. खालचा एक पायरी खाली उभा राहिला, त्यामुळे दोघांचे डोळे एका रेषेत आले.

“मला आधी विचारायचं तरी होतंस,” तो म्हणाला.

“विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?”

“हो म्हणालो असतो... पण थोडा भाव खाल्ला असता.”

“म्हणून नाही विचारलं.”

तो हसला आणि उताराला लागला. खालच्या थिएटराच्या दाराशी मघाचे चिडलेले लोक अजून घोळक्याने उभे होते. ठिणगी पायऱ्यांवरूनच बघत राहिली. तो त्यांच्यापाशी गेला, दोन्ही हात जोडले आणि काहीतरी बोलला. कुणीतरी चढाकडे, तिच्या दिशेने हात केला आणि घोळक्यातली सगळी डोकी तिच्याकडे वळली.

“काय सांगतोय गं तो त्यांना?” दारापर्यंत चाचपडत आलेल्या मामांनी विचारलं.

“काय झालं ते सांगतोय, दुसरं काय.”

“आणि तू काय करतेयस?”

“मी इथेच उभी आहे,” ठिणगी म्हणाली. “बघू देत त्यांना.”