डब्यातला परका केक

“चोरी झालीय,” जिना चढून धाप लागलेली ती बाई म्हणाली. “आईचा केक गेला, आणि त्याच्या डब्यात दुसराच केक बसलाय.”

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी असली फिर्याद ऐकून दुसऱ्या कोणालाही हसू आलं असतं. वकीलबाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि पाण्याचा पेला हातात दिला.

वकीलबाईंनी काळा कोट खुंटीला टांगून बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या खासगी चौकश्या करत. खालच्या मजल्यावर घड्याळजींचं दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक जिना चढलं, की हातातलं घड्याळ उघडं टाकून घड्याळजी पाठोपाठ वर हजर. जगाची घड्याळं ते वेळेवर आणत. स्वतः मात्र पाच मिनिटं मागे चालत, असं वकीलबाईंचं मत होतं.

“सगळं पहिल्यापासून सांगा,” वकीलबाई म्हणाल्या.

ती घरातली थोरली मुलगी. नोकरीसाठी दूरच्या शहरात राहणारी. आईची बेकरी होती. दुकानासाठी शेकड्याने केक व्हायचे, पण घरचा एक केक आई घरच्या ओट्यावर स्वतः करायची. मनुका, चेरी, साखरेत मुरवलेली संत्र्याची साल, सगळं हाताने कापून. मग तो कागदात आणि फडक्यात गुंडाळून, दोऱ्याने बांधून डब्यात जायचा. नाताळपर्यंत दर रविवारी विणायच्या सुईने टोचून त्याला दोन चमचे रम पाजायची.

“यंदाही केला. त्यानंतर पंधरा दिवसांत गेली. पाच आठवडे झाले. मला तेव्हा दोनच दिवस राहता आलं. काल संध्याकाळी आले. आज सकाळी केकवर बदामाचा थर द्यायला डबा उघडला. दोऱ्याची गाठ सुटेना, कात्रीने कापली. आईची गाठ एका ओढीत सुटायची. कागदाच्या घड्या मात्र तिच्यासारख्याच होत्या. वरचा फुगवटा कापला आणि तुकडा तोंडात टाकला.”

“आणि?”

“तिचा नाही तो. साल बघा त्यातली, कागदासारखी पातळ, सगळे तुकडे एकाच मापाचे. आई जाड कापायची, वेडीवाकडी. बाबा म्हणतात, दुःखात चव बदलते. भाऊ म्हणतो, केक तो केक. मला वेड लागलंय असं वाटतंय त्यांना.”

“घरच्यांनी रम पाजली का त्याला, मधल्या काळात?”

“छे! रमच्या बाटलीवर आई पेन्सिलने खूण करायची. तिच्या शेवटच्या खुणेपासून एक थेंब हललेला नाही. आई उगाच म्हणायची का, ह्या घरात एक काम तिघांना सांगावं, तेव्हा कुठे अर्धं होतं!” तिने पेला खाली ठेवला. “तिच्या हातचं जगात तेवढंच उरलं होतं हो. मला ते एकदा खायचंय. उष्टं असलं तरी चालेल. शोधून द्या.”

घड्याळजी खिडकीबाहेर बघू लागले. त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिच्या हातचं शेवटचं जेवण कोणतं, ते त्यांना आठवत नसे. शेवटचं आहे हे ठाऊक असतं, तर त्यांनी ते सावकाश खाल्लं असतं.

थोरलीच्या घरातली कोठीची खोली अरुंद होती. एका फळीवर पत्र्याचा गोल डबा, शेजारी रमची बाटली, खिळ्याला लोखंडी सुई. वकीलबाईंनी केक उचलून उलटा केला.

“भोकं मोजा, घड्याळजी.”

“नऊ,” भिंग लावून घड्याळजी म्हणाले.

“दर रविवारी टोचलेल्या केकची चाळण व्हायला हवी. आता डब्याचा तळ बघा.”

तळाला चिकट, तपकिरी डाग वाळला होता. बोट लावलं तर उग्र वास आला. पण केक कोरडा होता, आणि त्याभोवतीचं फडकंही स्वच्छ.

“म्हणजे बाटली सांडली असेल,” घड्याळजी म्हणाले.

“बाटली तर थेंबभरही कमी झालेली नाही,” वकीलबाई म्हणाल्या.

थोरलीचे बाबा आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. उशाशी औषधांच्या बाटल्या, चष्मा, वर्तमानपत्र आणि स्वयंपाकघरातला वाढायचा डाव. दुःखात माणूस कुठली वस्तू कुठे ठेवेल याचा नेम नाही, असं घड्याळजींच्या मनात आलं. औषधांच्या मागे एक चपटी बाटली होती, तिचं लेबल भिंतीकडे फिरवलेलं.

“केकमधलं मला काही कळत नाही,” बाबा म्हणाले. “आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलो नाही मी. डबाही उघडला नाही.”

“रविवारी घरी कोण असतं?”

“सकाळी मी एकटाच. दुपारी धाकटा येतो. आता दर रविवारी येतो. पूर्वी महिन्याकाठी तोंड दाखवायचा.” ते थांबले. “मी तेव्हा झोपलेला असतो.”

धाकटा अंगणात स्कूटर पुसत होता. बहिणीचं नाव काढताच त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

“ताईला आता आई आठवली! आजारपणात कुठे होती? केकचं मला विचारू नका. मी रविवारी बाबांना बघायला येतो.”

“बाबा झोपलेले असताना?”

तो चाचरला. खिशातून किल्ल्या काढताना बाटलीचं एक झाकण फरशीवर घरंगळलं. त्याने ते झटकन उचललं.

“घेता का कधीमधी?” घड्याळजींनी मोघम विचारलं.

“डॉक्टरांनी बंद केलंय. तीन वर्षं झाली.”

फाटकाबाहेर येताच घड्याळजी उत्साहाने कुजबुजले, “सापडला! पोरगं चोरून पितंय. नशेत केक खाल्ला आणि बाजारातून दुसरा आणून ठेवला.”

“नशेतल्या माणसाने आईसारख्या कागदाच्या घड्या घातल्या? चला, बेकरीत जाऊ.”

बेकरीत रांग रस्त्यापर्यंत आली होती. आत कारागीर तीन भट्ट्या एकट्याने सांभाळत होता. केस पिठाने पांढरे आणि वयानेही. तीस वर्षं तो थोरलीच्या आईच्या हाताखाली होता.

“मालकीणबाईंचा घरचा केक? आमचा काय संबंध? तो त्या घरीच करायच्या. इथली साल यंत्रावर कापलेली, ती त्यांना चालायची नाही. आमची साल म्हणजे कागद, म्हणायच्या. आणि हाताने कापून नुसती मुरवायचीच तर तीन आठवडे लागतात.”

“तुम्ही घरी जाता का कधी?”

“रविवारी संध्याकाळी. मालकांच्या प्रकृतीची चौकशी करायला.”

बोलता बोलता त्याने घड्याळजींसाठी चार पेस्ट्र्या खोक्यात भरल्या आणि दोरा बांधून हातात दिल्या. घड्याळजींना कुठला धीर! तिथेच त्यांनी गाठ ओढली. ती सुटेना. नखं लावली, दात लावले, शेवटी घड्याळ उघडायची पाती काढून दोरा कापला. वकीलबाई त्यांच्याकडे फार कौतुकाने बघत होत्या. पेस्ट्री खायच्या माणसाकडे इतक्या कौतुकाने का बघावं, ते घड्याळजींना कळलं नाही.

थंड खोलीच्या दाराशी फळीवर ताट झाकलेलं एक मोठं पातेलं होतं. घड्याळजी वाकून वास घेणार तोच कारागीर आडवा आला.

“त्याला हात लावू नका. ते विकायचं नाही.”

“दुपारी तीनला घरी या,” वकीलबाई त्याला म्हणाल्या. “आणि ते पातेलं घेऊन या.”

कारागिराचा चेहरा पडला, पण त्याने का म्हणून विचारलं नाही.

तीन वाजता सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले. थोरली एका टोकाला, धाकटा दुसऱ्या टोकाला, मध्ये बाबा. कारागीर पातेलं मांडीवर घेऊन दाराजवळच्या स्टुलावर.

“चोर इथे कोणी नाही,” वकीलबाईंनी सुरुवात केली. “केक बदलणारा एक आहे. पण त्याच्या आधी तो बिघडवणारे तिघं आहेत.”

त्यांनी पत्र्याचा डबा टेबलावर मांडला.

“बदलणारा सोपा. डब्यातल्या केकला नऊच भोकं, म्हणजे तो ताजा. त्यातली साल यंत्रावरची, म्हणजे बेकरीतली. हाताने कापून मुरवायला तीन आठवडे लागतात आणि करणाऱ्याकडे तेवढा वेळ नव्हता. कागदाच्या घड्या मालकीणबाईंच्या, म्हणजे त्या वर्षानुवर्षं बघणाऱ्याने घातलेल्या. पण हाताची सवय जात नाही. दोऱ्याची गाठ कात्रीशिवाय सुटली नाही. तशीच गाठ आज घड्याळजींनी पातीने कापली.”

“हो, मीच,” कारागीर खाली बघून म्हणाला. “ह्याच आठवड्यात.”

“का पण, काका?” थोरली उठलीच.

“बसा. तेच सांगते. डब्याच्या तळाला रमचा डाग. म्हणजे खरा केक गच्च भिजला होता. पण घरातली बाटली खुणेवर जशीच्या तशी. मग रम आली कुठून? बाहेरून. आणि ज्याला कळू द्यायचं नाही, तोच बाहेरून आणतो.” त्या बाबांकडे वळल्या. “थेंबाला न शिवणाऱ्या माणसाच्या औषधांमागे चपटी बाटली. उशाशी डाव. दोन चमचे म्हणजे कुठले चमचे, हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं ना?”

बाबांनी चष्मा काढला.

“ती म्हणाली, दर रविवारी दोन चमचे. मला वाटलं, वाढायचा. स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलं नाही हो मी. म्हणाली, पोरांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल.”

“तुम्ही सकाळी पाजत होतात. दुपारी हे.” वकीलबाईंनी धाकट्याकडे पाहिलं. “डॉक्टरांनी बंद केलेल्या माणसाच्या खिशात झाकण.”

“मला म्हणाली, बाबांना जमणार नाही आणि काकांना दुकानातून सवड नाही.” धाकटा म्हणाला. “म्हणाली, तू विसरू नकोस. मी कधीच काही लक्षात ठेवत नाही, म्हणून… एक रविवार चुकवला नाही मी.”

“आणि संध्याकाळी तुम्ही.”

कारागिराने मान हलवली. “मला म्हणाल्या, घरातली माणसं विसरतील, तू बघ. पाच रविवार बघितलं. प्रत्येक वेळी केक जास्तच ओला लागायचा. गेल्या रविवारी सुई लावली आणि तो हातातच बसला. चिखल झाला. मला वाटलं, माझ्याच हातून झालं. तीस वर्षं केक केले आणि त्यांचा शेवटचा केक मी बुडवला. ताई येणार होत्या. काय तोंड दाखवलं असतं? तो उचलून नेला, रात्रंदिवस खपून दुसरा केला आणि डब्यात ठेवला.”

“तुमच्या हातून नाही,” बाबा म्हणाले. “मी डावाने घालत होतो.”

“मीही जरा जास्तच घालायचो,” धाकटा पुटपुटला. “आईला आवडेल म्हणून.”

“त्यांनी घर बरोबर ओळखलं होतं,” वकीलबाई म्हणाल्या. “तिघांवरही भरवसा नव्हता, म्हणून तिघांनाही सांगितलं. एखादा तरी लक्षात ठेवेल, एवढाच हिशोब. त्या चुकल्या एकाच ठिकाणी. ह्या वेळी कोणीच विसरलं नाही.”

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. घड्याळजींनी रुमाल काढला आणि नाक शिंकरायचं निमित्त केलं.

“तिघं नाही, चौघं,” थोरली हळूच म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“सगळ्यात आधी मला सांगितलं होतं तिने. फोनवर. म्हणाली, चार दिवस ये, ह्या रविवारी केकला तू पाज, माझा हात थरथरतो. मी म्हटलं, आई, सुट्टी नाही. केकचं काय एवढं, दुसऱ्या कोणाला सांग. नाताळला येतेच आहे.” तिने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. “मला वाटलं, ती केकबद्दलच बोलतेय.”

धाकट्याने खुर्ची सरकवली. आता हा काही तरी लागेल असं बोलणार, या धास्तीने घड्याळजी सावरून बसले. पण तो बहिणीच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. “मला कुठे कळलं होतं, ताई?” एवढंच तो म्हणाला.

कारागिराने पातेलं टेबलावर आणून ठेवलं. “टाकवलं नाही,” तो म्हणाला. “थंड खोलीत ठेवलं होतं. खाण्यासारखं राहिलेलं नाही, ताई.”

ताट काढताच खोलीभर रमचा भपका पसरला. आत काळपट, ओला गोळा होता. सुरीने कापण्याजोगं त्यात काही उरलं नव्हतं. बाबा उठले, शोधाशोध करून सहा चमचे घेऊन आले आणि ह्या वेळी ते लहान चमचे होते.

थोरलीने पहिला घास घेतला. रमने तिच्या डोळ्यांत पाणी आणलं, ती खोकली. मग चावता चावता तिचा जबडा थांबला. दाताखाली काही तरी जाड आलं होतं. तिने ते जिभेवर घेतलं, बोटाने बाहेर काढून पाहिलं. संत्र्याच्या सालीचा वेडावाकडा, एका बाजूने तिरका कापलेला तुकडा. तो तिने पुन्हा तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले.

“आहे?” धाकट्याने विचारलं.

तिने मान हलवली.

मग सगळ्यांनीच चमचे घातले. घड्याळजींनी आपला घास फार सावकाश खाल्ला. बाबा आयुष्यात पहिल्यांदा रमची चव घेत होते. त्यांचा चेहरा वाकडा झाला, पण चमचा त्यांनी खाली ठेवला नाही.

पातेल्यात चार-पाच घास राहिले, तेव्हा सगळ्यांचे हात आखडले. शेवटचा कोणी घ्यायचा, असं एकमेकांच्या तोंडाकडे बघणं सुरू झालं. बाबांनी पातेलं उचललं आणि थोरलीपुढे सरकवलं.

“तू उशिरा आलीस,” ते म्हणाले. “तू जास्त खा.”